हिरामणची उघडी जागा

हिरामण, तुझ्यावरून होणारी माझी भांडणं अजून थांबलेली नाहीत. माणूस गेला की निदान त्याच्या नावाची कटकट तरी जावी, तर तेही नाही. तीन दिवसांपूर्वी रमणकाकाशी वाजलं, त्याआधी घरी वाजलं, आणि रोज सकाळी रिक्षा काढताना तुझ्याशी वाजतं ते वेगळंच. उत्तरकार्याच्या दिवशी गल्लीत मांडव घातला होता. लूमच्या खात्यातले झाडून सगळे आले होते आणि जो तो म्हणत होता, हिरामण म्हणजे देवमाणूस. मी मान हलवत बसलो. तुझ्या दगडावर चुकून टेकलेल्या माणसाला तू काय काय बोलायचास, ते त्यातल्या एकानंही ऐकलेलं नव्हतं.

तू गेलास हे मला पटत नाही, आणि त्यात काही नवल नाही. तुझं कुठलं म्हणणं मला पहिल्या फटक्यात पटलंय? रात्रपाळी संपत आली असताना मशीनपाशी छातीला हात लावून खाली बसलास, आणि शेजारचा कारागीर पाणी घेऊन येईपर्यंत मान टाकलीस. मी तेव्हा तळ्यावर निघायच्या तयारीत रिक्षाची काच पुसत होतो. तुझ्या नंबरावरून फोन आला म्हणून मी उचलल्या उचलल्या ओरडलो, "सुटली का पाळी, की आजही मला थंडीत उभं करणार?" पलीकडून तुझा मुकादम बोलला. तेवढं एक वाक्य मला परत घ्यायचंय, पण ते आता कोणाकडून घेणार.

तर, मुद्द्यावर येतो. तू गेलास आणि तुझी जागा उघडी राहिली.

गळ न टाकणाऱ्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल, म्हणून नीट सांगतो. आपल्यात जागा उघडायची म्हणजे पाण्याची एक जागा धरायची, रोज त्याच वेळी तिथं चाऱ्याचे गोळे टाकायचे, आणि मासे वेळेवर यायला लागेपर्यंत गळाला हात लावायचा नाही. ती जागा मग त्याची. दुसऱ्यानं तिथं बसणं म्हणजे चोरी. आणि हंगाम संपला किंवा कंटाळा आला की जागा मिटवायची. शेवटचे गोळे टाकायचे, चाऱ्याचे हात त्याच पाण्यात धुवायचे, "मंडळी, आता नाही" असं म्हणायचं आणि उठायचं. पाण्यापाशी मासा हा शब्द तू काढू द्यायचा नाहीस. मंडळी म्हणायचं. ज्यानं उघडली त्यानंच मिटवायची, हा शेवटचा नियम.

मी म्हणायचो, हे सगळं थोतांड आहे. तू म्हणायचास, "बलाई ठेवानं आनि आपीन जावानं नही, हाऊ पाप शे, शांत्या." बोलावून ठेवायचं आणि आपणच जायचं नाही, हे पाप. ते कधी जाळीवाल्याच्या हाती लागतात, कधी नुसते वाट बघत राहतात. त्यातलं जाळीवाल्याचं मला पटायचं. वाट बघण्याचं मी उडवून लावायचो. माशाला काय घड्याळ आहे, काय आठवण आहे.

उत्तरकार्याच्या दुसऱ्याच दिवशी सुमनवहिनी माझ्या दारात आल्या. त्या आपणहून कधी कोणाच्या दारात गेलेल्या तुला आठवतात? मी खाट झटकली, चहा ठेवायला सांगितला. त्या उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, त्यास्नी जागा मिटाडी द्या." पोरगी त्यांना नवापूरला न्यायला थांबली होती. बॅग भरलेली होती. पण वहिनी खोलीला कुलूप लावायला तयार नव्हत्या. "मी कुलूप लावसू, आनि त्या तथाइन उनात ते कथा जातीन?" तू तिथून आलास तर कुठं जाशील, असं विचारत होत्या मला. मी काय सांगू? मला पत्ता माहीत आहे का तुझा?

पोरगी बिचारी आठवडाभर वाट बघून सासरी गेली. वहिनी इथं एकट्या. पहाटे, तुझी पाळी सुटायच्या वेळी, खोलीत सरकीच्या ढेपेचा आणि काकवीचा वास येतो म्हणे, तुझ्या चाऱ्याचा. त्या उठतात, दाराची कडी काढतात आणि उंबऱ्याशी बसून राहतात. सुरतेत, या लिंबायतमध्ये एकटी बाई अंधारात दार सताड उघडं टाकून बसते, रोज. शेजारणीनं समजावलं, माझ्या बायकोनं समजावलं. झोप नाही, जेवण नाही. तोंड एवढंसं झालं होतं त्यांचं. मला तुझा राग आला, हिरामण, खरंच आला. मरायचं होतं तर जागा मिटवून मरायचं.

वासाचं मी सोपं उत्तर काढलं. तुझा चाऱ्याचा डबा खाटेखाली होता. काकवी आंबते, ढेप आंबते, वास सुटणारच. मी डबा उचलून माझ्या घरी आणला आणि मोरीत ठेवला. माझ्या घरी वास आला नाही. तुझ्या खोलीत येतच राहिला. मी स्वतः एका पहाटे जाऊन उंबऱ्यात उभा राहिलो. मिल सुटल्यावर जो रंगाचा उग्र वास गल्लीत असतो तो होता, आणि त्याच्या खालून हळूच, गोड आणि खारट, तुझा चारा. मी वहिनींना सांगितलं, मला काही येत नाही वास. त्या पुन्हा उंबऱ्याशी बसल्या.

तुला ती जागा सापडली तो दिवस मला आठवतो. डिंडोलीच्या पुढे, चलथाणच्या अंगाला, उसाच्या शेतांमधलं ते तळं. मी म्हटलं, इथं चिलापीशिवाय काही मिळणार नाही. तू उकिडवा बसलास, ओंजळीत पाणी घेतलंस, हुंगलंस आणि म्हणालास, हे कालव्याचं पाणी, म्हणजे तापीचं. आपल्या गावाखालून गेलेलं पाणी धरणात थांबतं, कालव्यातून निघतं आणि आपण जिथं पोटासाठी आलोय तिथं येतं, असं तुझं म्हणणं. मी म्हटलं, मध्ये किती गावांची धुणी धुऊन येतं तेही हुंग. तू हसला नाहीस. तुझ्या मनात भरलं की भरलं. तिथल्या सपाट काळ्या दगडावर बसलास आणि त्या दिवसापासून तो दगड तुझा झाला.

मग आपली रोजची जुंपायची. मी ऑनलाइन मागवलेलं रीळ आणि फायबरचा रॉड, आणि तुझा तो गावाकडून आणलेला बांबू. मी म्हणायचो, जमाना कुठं गेला, तू बांबू धरून बसलाय. तू म्हणायचास, रीळ दूर फेकायला असतं, आणि मंडळी तर काठाशीच आहेत, मग तू फेकतोस कोणासाठी? दोऱ्याचंही तसंच. मी वेणीचा दोरा घेतला, तुटत नाही म्हणून. तू साधी नायलॉनची तंगूसच वापरलीस. दोरा पाण्यात दिसतो आणि ताणला जात नाही, मासा उडी मारतो आणि ओठ फाटून जातो, म्हणालास. त्या सबंध थंडीत माझे मासे ओठ फाटूनच गेले सगळे. मी दोष गळाला दिला, शिशाला दिला, शेवटी दुकानदाराला दिला.

आता कोणी विचारलं तर मी तुझंच सांगतो, तुझं नाव न घेता. थंडीत गळ बारीक लावा. शिसं शक्य तेवढं हलकं ठेवा, तरंगायला लावलेली मोराच्या पिसाची दांडी पाण्यावर नुसती नाकाएवढी दिसली पाहिजे. कटल्याला वर, रोहूला मधे, मृगळाला तळाशी. पहिल्या बुडीला झटका द्यायचा नाही, तो चाखतोय. दांडी आडवी होऊन सरकायला लागली की मनगट फिरवा, खांदा नाही. चप्पल लांब काढा. परवा स्टँडवरच्या एका रिक्षावाल्याला हे सगळं सांगत होतो, तर तो म्हणाला, शांतारामभाऊ, तुम्हाला बरंच कळतं की. मी हो म्हटलं आणि गाडी काढली.

पण एक भांडण आपलं मिटलं नाही. हाताचं. तू म्हणायचास, "मंडळी हात वळखस." चाऱ्यात काय घातलंय ते सगळ्यांचं सारखंच असतं, पण मळणाऱ्याच्या हाताचा वास त्यात उतरतो आणि मंडळी त्या वासावर येतात. मी म्हणायचो, मासा पोट ओळखतो, हात नाही. ढेप, काकवी, मीठ, भाजल्या चण्याचं पीठ, वरून चिमूटभर ओवा. कोणीही मळा, कोणीही टाका. तू माझा हात नाकाशी नेऊन म्हणालास, "तुना हातले ग्रीसना वास शे. तुले कोन येई?" रमणकाका पाव चघळत हसले होते. त्यांचा आपला पावाचा गोळा, बडीशेप घातलेला. सुरतेचे जुने गळवाले, त्यांना आपल्या दोघांच्या भांडणाशिवाय चहा गोड लागायचा नाही.

तू गेलास त्याच्या आदल्या सकाळीही हेच चाललं होतं. समोर बुडबुडे आले, बारीक, एका रांगेत, तळाशी तोंडं मारत मारत ते तुझ्या दगडापाशी येऊन थांबले. तू म्हणालास, बघ, आले. मी म्हटलं, वेळेला आले, तुला नाही आले. तू म्हणालास, उद्या तू टाक, माझ्या वेळेला, मग बघू. तो उद्या तू मला दिला नाहीस.

मला भीती वाटत नाही असं मी आयुष्यभर सांगत आलोय, आणि तुला माहीत आहे की ते अर्धं खोटं आहे. कारण त्या विणकराची गोष्ट तूच सांगितली होतीस आणि मी त्यानंतर त्या रस्त्यानं सवारी घेत नाही. जुना माणूस, एका तळ्यावर जागा उघडली आणि मिटवायच्या आधी गावी जाऊन मेला. मागं तळं बुजवलं, भर टाकली, वर बिल्डिंग आली. खालच्या पार्किंगमध्ये वॉचमन टिकत नाही म्हणालास. पहाटे गाड्यांच्या मधे कुठंतरी ओला गोळा पाण्यात पडल्यासारखा आवाज होतो. थोड्या वेळानं दुसरा. फरशी कोरडी. तू हे इतक्या साध्या आवाजात सांगितलंस की मी शिवीही दिली नाही.

म्हणून तीन दिवसांपूर्वी रमणकाका स्टँडवर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "शांतारामभाई, तमे काले हिरामणनी जग्या पर बेठा हता?" तेव्हा मी चालू गाडी बंद केली. मी म्हटलं, मी नव्हतो. ते म्हणाले, कोणीतरी होतं. धुकं होतं, पण डोक्याला रुमाल, गुडघे पोटाशी, हात खाली सोडलेला, जसा तू बसायचास तसा. त्यांनी हाक मारली. वळला नाही. त्यांना वाटलं मी तुझं दुःख करत बसलोय, म्हणून ते निघून आले. मी त्यांच्यावर चिडलो. म्हटलं, काका, तयार जागेवर चोर बसलाय आणि तुम्ही हाक मारून परत येता, जवळ जाऊन बघता येत नाही? ते म्हणाले, नाही येत. नुसतं एवढंच म्हणाले, आणि मान खाली घालून गेले. माझं तोंड सुटलं होतं ते सुटलंच होतं, मागून बरंच बोललो.

चोरच असणार, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी तुझा चारा मीच मळला. तुझ्याच मापानं, तुझ्याच डब्यात. ग्रीसचा वास नको म्हणून हात राखेनं घासले, हे तुला सांगायला लाज वाटते. चोर असला तर पकडायचा, नसला तर जागा मिटवून टाकायची आणि वहिनींना गाडीत बसवायचं. कोणीही मिटवली तरी मिटते, हे एकदाचं दाखवून द्यायचं.

उजाडत होतं. उसाच्या बांधावर रिक्षा उभी करून मी आत गेलो. धुकं पाण्यावर बसलेलं होतं, ऊस दिसत नव्हता, नुसती पानं घासल्याचा आवाज येत होता. दगडावर कोणी नव्हतं. मी जवळ गेलो. सगळ्या दगडावर दव पडलेलं, काळा ओला दगड, आणि मधोमध माणूस बसेल एवढी जागा कोरडी. मी हात लावला. कोरडीच. कुत्रं बसून गेलं असेल. रात्रभर कुत्रं तिथं झोपलं असेल. मी हे मोठ्यांदा बोललो, हिरामण, कोणीतरी बोलावं म्हणून.

मी त्या जागेवर बसलो नाही. दगडाच्या बाजूला, मातीत बसलो. आणि तुझी वेळ झाली तशी मंडळी आली. इतके दिवस कोणी दाणा टाकला नव्हता, तरी आली. बुडबुड्यांची ती रांग उसाच्या कडेनं निघाली, सरळ दगडापर्यंत आली आणि थांबली. पाणी खालून हळूहळू हलत होतं. मी गोळा टाकला. बुडबुडे बंद झाले. मी दुसरा टाकला. काही नाही. गेले म्हणावं तर गेलेही नव्हते, कारण एक मोठी पाठ वर आली, कटल्याची, रुंद, काळपट, आणि माझ्या गोळ्यावरून सावकाश फिरून पुन्हा दगडापाशी जाऊन खाली गेली. गोळ्याला तोंड लावलं नाही. डबाभर चारा मी टाकला आणि डबाभर तळाशी बसला. मग मी हात धुतले, म्हटलं, मंडळी, आता नाही. माझा आवाज मलाच परका वाटला. बुडबुडे पुन्हा सुरू झाले, दगडापाशी, माझ्यापाशी नाही. मी उठून चालायला लागलो आणि रिक्षापर्यंत धावलो.

वहिनींकडे गेलो ते सरळ सांगितलं. म्हटलं, झालं नाही माझ्यानं. खात नाहीत. हिरामण म्हणायचा तेच खरं दिसतं, त्याचा हात ओळखतात, आता तो हात कुठून आणू? त्या उंबऱ्यातच बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "पीठ कोनी मळं?" मी म्हटलं, मी. आणि हिरामण, तू गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर काहीतरी हसल्यासारखं आलं. "मंग कशा खातीन त्या?" म्हणाल्या. "त्यास्नी कधी मळंच नही."

लबाडा. इतकी वर्षं. तुझ्या बोटांना मशीनवरच्या धाग्याचे काप असायचे, मीठ झोंबायचं, म्हणून तू पाळीवर निघालास की चारा वहिनीच मळून ठेवायच्या. डबा दाराशी तयार. पाळीवरून येऊन तो उचलायचा आणि तळ्यावर यायचं, आणि वर माझ्यापुढं हाताच्या गोष्टी. मी त्यांना विचारलं, त्यानं हे कधी सांगितलं कसं नाही? म्हणाल्या, त्यात काय सांगायचं, पोळ्या कोण करतं तेही तुम्हाला सांगितलं होतं का. मला हसू आलं. आपण दोघे त्या दगडावर बसून भांडत राहिलो, कोणाचा हात ओळखतात, तुझा की कोणाचाच नाही. मळणारं माणूस तिसरंच आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही, आणि तुला ठाऊक असून तुझ्याही डोक्यात आलं नाही. तू जिंकलास म्हणावं तर तूही जिंकला नाहीस.

मग त्यांनाच ते आधी सुचलं. जागा तू उघडलीच नव्हतीस. त्यांनी उघडली होती, इथं लिंबायतमध्ये परातीशी बसून, तळं न बघता. त्यांनी पदर खोचला आणि मला म्हणाल्या, ढेप आणा.

काल पहाटे मी त्यांना रिक्षातून घेऊन गेलो. त्या आयुष्यात पहिल्यांदा तिथं आल्या. बांधावरून उतरताना त्यांना हात द्यायला गेलो तर नको म्हणाल्या. धुकं आदल्या दिवसापेक्षा दाट होतं. दगड मी दाखवला. त्यांनी त्यावरून पदराचं टोक फिरवलं आणि त्या दगडावर बसल्या नाहीत. शेजारी बसल्या, जशा तुझ्या शेजारी बसल्या असत्या, मधे हातभर जागा ठेवून. मी मागं उभा राहिलो. मला पुढं जाववेना.

त्यांनी गोळा टाकला तो आपल्यासारखा फेकून नाही, ताटात वाढावा तसा पाण्यावर ठेवला. अख्खं पाणी उठलं. मी इतके मासे त्या तळ्यात कधी पाहिले नव्हते. आणि आवाज नाही, हिरामण. उड्या नाहीत, फडफड नाही, फक्त तोंडं वर येत होती आणि खाली जात होती, पांढरी तोंडं, धुक्यात. वहिनी वाढत राहिल्या. डबा संपला. मग त्यांनी दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात सोडले आणि ती तोंडं हातांपाशी आली. बोटांना लागलेली काकवी खात होती. मी म्हटलं, वहिनी, हात काढा. त्यांनी काढले नाहीत. बोटं हलवून सावकाश एकेक स्वच्छ केली, घरी पीठ मळल्यावर करतात तशी, आणि पाण्याला म्हणाल्या, "मंडळी, पोट भरनं ना? आते नका येऊ. मी बी जाई राहिनू."

पाणी सपाट झालं. एक बुडबुडा नाही. ऊससुद्धा वाजायचा थांबला, किंवा मला तसं वाटलं.

वहिनी उठल्या नाहीत. हात पदराला पुसत तशाच बसून होत्या. मग माझ्याकडे न वळता, शेजारच्या त्या दगडाकडे बघत त्यांनी मला विचारलं, "भाऊ, त्यास्ले बी सांगू का?"

त्यांचा आवाज अगदी साधा होता. तू तिथं बसलेला आहेस आणि तुला जेवायला वाढू का, असं विचारावं, तसा. मी दगडाकडे बघितलं. तिथं कोणी नव्हतं. मी शपथेवर सांगतो, कोणी नव्हतं. पण तुला सांगायचं ते त्या बाईनं सांगायचं, हे मला सोसलं नसतं. तिनं तुला आयुष्यभर दारापर्यंत सोडलं आणि दारातून घेतलं. तिच्या तोंडून येऊ नका हा शब्द निघाला असता, तर नवापूरला जाऊनही ती रोज पहाटे उठून बसली असती. मी म्हटलं, "नको वहिनी. त्याला मी सांगतो." त्या बरं म्हणाल्या, उठल्या आणि रिक्षात जाऊन बसल्या.

मी दगडापुढं उभा राहिलो. तोंड उघडलं आणि माझ्याच्यानं बोलवलं नाही. मी, ज्यानं तुला रोज शिव्या घातल्या, त्याला एक वाक्य जमेना. शेवटी रिक्षाकडे आलो आणि वहिनींना खोटंच म्हणालो, सांगितलं त्याला. दुपारी खोलीला कुलूप लागलं. नवापूरच्या बसमध्ये मी त्यांना बसवून दिलं. आज सकाळी पोरीचा फोन आला, आई रात्री जेवली आणि झोपली, अजून उठलेली नाही.

म्हणून आता इथं सांगतो, कारण समोरासमोर जमलं नाही. हिरामण, जागा मिटली. खोलीला कुलूप आहे, ते बघून घाबरू नकोस, सुमनवहिनी बऱ्या आहेत. त्या कुठं आहेत ते तुला कळलंच आहे, पण तिकडे जाऊ नकोस. बऱ्याच दिवसांनी झोपल्यात. आता नाही, गड्या. माझी गोष्ट वेगळी. मला तू अजून हवा आहेस, आणि भीती वाटली तरी मी माझं दार लावणार नाही.